लेणी पाहून झाली, आता वर्गात काय सांगू?

*वाचकांचे प्रश्न : शिक्षकांच्या क्षेत्रभेटी आणि नाशिकचा स्थानिक इतिहास*

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रं शिक्षकांची आहेत. विषय जवळपास एकच, म्हणून इतर प्रश्न बाजूला ठेवून हा अंक त्यांनाच दिला आहे. पत्रं थोडक्यात छापली आहेत.

प्रश्न : आमच्या केंद्रातल्या ३२ शिक्षकांना एका दिवसात पांडवलेणी, काळाराम मंदिर, सरकारवाडा, अंजनेरी आणि त्र्यंबकेश्वर दाखवायचं ठरलं आहे. बसही सांगून ठेवली आहे. वेळापत्रक कसं आखावं?
*– केंद्रप्रमुख, निफाड तालुका*

उत्तर : पाचातली तीन ठिकाणं आजच काढून टाका. पाच ठिकाणं केलीत तर शिक्षक प्रत्येक ठिकाणी अर्धा तास थांबतील, त्यातला निम्मा वेळ चपला काढण्यात, पाणी पिण्यात आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो काढण्यात जाईल. संध्याकाळी प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये शंभर फोटो असतील आणि वहीत एक ओळ नसेल. देवदर्शनाला एवढा वेळ पुरतो, अभ्यासाला पुरत नाही. सकाळी पांडवलेणी आणि दुपारनंतर काळाराम मंदिर, एवढं एका दिवसाला भरपूर आहे.

पांडवलेणी डोंगरावर चोवीस लेणी आहेत. तीही सगळी पाहू नका. क्रमांक ३, १०, १८ आणि १९ एवढी चारच निवडा. १९ सगळ्यांत जुनं, १८ चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं), १० क्षत्रप या शक राज्यकर्त्यांच्या काळातलं आणि ३ सातवाहनांच्या भरभराटीच्या काळातलं. चारांत मिळून सुमारे तीनशे वर्षांचा पट समोर येतो. प्रत्येक लेण्याला पंचवीस मिनिटं धरा, चढायला-उतरायला मिळून पाऊण तास आणि शेवटी चर्चेला चाळीस मिनिटं. म्हणजे सकाळी आठला पायथ्याशी असाल तर अकराच्या सुमारास खाली याल, आणि पायऱ्यांवरचं ऊन तापायच्या आत याल.

तयारीत सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पूर्वपाहणी. तुम्ही आणि आणखी दोन शिक्षक आठवडाभर आधी जाऊन या. कोणत्या लेण्याला जाळी लावली आहे, कुठे डागडुजी चालू आहे, स्वच्छतागृह उघडं आहे का, कड्यावर मधमाशांची पोळी लटकली आहेत का, हे तेव्हाच कळतं. पोळी दिसली तर गटाला आधीच सांगून ठेवा : अत्तर लावू नये, उदबत्ती पेटवू नये, आरडाओरडा करू नये.

बत्तीस जणांचे चार गट करा, आठ-आठांचे. चारही गट एकाच लेण्यात शिरले की मागच्यांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात, म्हणून प्रत्येक गट वेगळ्या लेण्यापासून सुरू करून पुढे सरकेल असं ठेवा. गटात कामं वाटून द्या : दोघांनी आराखडा काढायचा, दोघांनी मोजायचं, दोघांनी शिलालेखाची जागा आणि ओळी नोंदवायच्या, एकाने छायाचित्रं घ्यायची आणि एकाने फक्त प्रश्न लिहून ठेवायचे. साहित्य फार लागत नाही. क्लिप असलेला पुठ्ठा, कोरे कागद, पेन्सिल, पाच मीटरचा टेप, गटाला एक चांगली बॅटरी आणि माणशी दोन लिटर पाणी. पेन नको, पेन्सिलच बरी. आराखडा खोडता येतो.

बहुतेक सहली बिघडतात त्या शेवटच्या चाळीस मिनिटांत. भूक लागलेली असते, बस वाट पाहत असते आणि चर्चा 'पुढच्या शिक्षण परिषदेत करू' म्हणून ढकलली जाते. ती पुढे होत नाही. जेवणाआधी, तिथल्याच सावलीत बसून प्रत्येक गटाने एवढंच सांगायचं : आम्ही काय पाहिलं, त्यावरून काय कळलं आणि काय कळलं नाही. 'कळलं नाही'ची यादी सगळ्यांत लांब असली तर सहल चांगली झाली असं समजा.

प्रश्न : शिलालेख असतात हे माहीत आहे, पण ब्राह्मी येत नाही आणि प्राकृतही येत नाही. मग समोर उभं राहून काय करायचं? सहावीला सातवाहन शिकवते, पाठ्यपुस्तकातल्या ओळी मुलांना पाठ होतात, पण पुढे काही सरकत नाही.
*– शिक्षिका, नाशिक शहर*

उत्तर : संपूर्ण लेख वाचण्याची गरज नाही. चार अक्षरं ओळखता आली तरी भिंत बोलू लागते. जुन्या ब्राह्मीत 'क' म्हणजे अधिकाचं चिन्ह, 'र' म्हणजे उभी रेघ, 'न' म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ, 'ग' म्हणजे उलटं व्ही. नंतरच्या लेण्यांत या रेघा वळणदार होतात. 'र'चं शेपूट वळतं, 'ग'चा माथा गोल होतो. हा फरक १९ आणि ३ क्रमांकांच्या लेण्यांत डोळ्यांनी दिसतो. अक्षरांच्या वळणावरून लेखाचा काळ ठरवतात, हे वाक्य एरवी मुलांना पटत नाही. तिथे ते पटतं.

सुरुवात १९ पासून करा. लेणं लहान आहे आणि खिडकीच्या वरच्या भागातला लेखही लहान आहे. त्याचा पाठ असा : 'सादवाहनकुले कन्हे राजिनि नासिककेन समणेन महामातेण लेण कारित'. सातवाहन कुळात कण्ह राजा असताना नाशिकच्या श्रमण महामात्राने हे लेणं करवलं. एवढ्या एका ओळीत घराण्याचं नाव आहे, राजाचं आहे, अधिकाऱ्याचा हुद्दा आहे आणि आपल्या गावाचं नावही आहे. मुलांसमोर फळ्यावर ही ओळ लिहा आणि विचारा, यातले किती शब्द न सांगता कळले?

लेणं १० मध्ये नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचे लेख आहेत, आणि त्याची पत्नी दखमित्रा हिनेही एक खोली दान दिली आहे. तिच्या लेखात त्या खोलीला शब्द आहे 'ओवरक'. देवळाच्या आवारातली आपली 'ओवरी' ती हीच. तिला म्हटलं आहे 'कुडुंबिणी'. जुन्या मराठीत बायकोला 'कुटुंब' म्हणत ते आठवा. इथे भाषेचा तास आणि इतिहासाचा तास एकच होतो. मराठीच्या शिक्षकांना या लेण्यात मुद्दाम पुढे करा.

लेणं ३ म्हणजे गौतमी बलश्रीचं. तिच्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची प्रशस्ती व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर वरच्या बाजूला आहे. तो लेख तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. 'त्रिसमुद्रतोयपीतवाहन', म्हणजे ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, हे पाठ्यपुस्तकातलं विशेषण इथूनच आलं. क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निर्वंश करणारा, असाही उल्लेख आहे. आता शिक्षकांना विचारा, आईने मुलाची केलेली स्तुती पुरावा म्हणून कितपत धरायची?

हा प्रश्न तिथेच सोडवता येतो, कारण नाशिक परिसरात याच घटनेचे आणखी दोन साक्षीदार आहेत. पहिला त्याच लेण्यात. गौतमीपुत्राने अठराव्या राज्यवर्षी वेजयंतीच्या विजयी छावणीतून नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे अधिकाऱ्याला, आज्ञा पाठवली की अपरकखडी गावातलं, आजवर उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत इथल्या बौद्ध भिक्षूंना द्यावं. म्हणजे जमीन क्षत्रपांच्या हातून सातवाहनांकडे आली होती. दुसरा साक्षीदार सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीचा. १९०६ मध्ये तिथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली आहेत. प्रशस्ती, सरकारी हुकूम आणि नाणी, तिन्ही वेगवेगळ्या हेतूंनी तयार झालेल्या गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. पुरावा जुळणं म्हणजे काय, हे शिकवायला महाराष्ट्रात इतकी सोपी जागा क्वचितच मिळेल, आणि ती तुमच्या शाळेपासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

त्या जमिनीची पुढची गोष्टही सांगा. चोविसाव्या वर्षीचा दुसरा हुकूम म्हणतो, ते शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीतली शंभर निवर्तनं द्यावीत. निफाड-दिंडोरीच्या मुलांना हे लगेच कळतं. कागदावर जमीन मिळाली, पण पीक नाही.

वेळ उरला तर लेणं १० च्या मागच्या भिंतीकडे बघा. तिथे मूळचा स्तूप होता, नंतर तो कोरून भैरव केला. लेणी एकदा खोदली आणि तशीच राहिली, असं होत नाही.

प्रश्न : अक्षरं नीट दिसत नाहीत. खडूने भरली किंवा पाणी मारलं तर चालेल का? ठसा घेता येईल का?
*– शिक्षक, दिंडोरी*

उत्तर : नाही. खडू, पाणी, तेल, पावडर काहीही नाही. पांडवलेणी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. स्मारकाचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शाईचा ठसा परवानगीने तज्ज्ञच घेतात. त्याची गरजही नाही. अक्षरं न दिसण्याचं कारण बहुतेक वेळा प्रकाशाची दिशा असते. लेण्यांची तोंडं उत्तरेकडे असल्याने थेट ऊन फारसं येत नाही आणि समोरून बॅटरी मारली की खोदलेल्या रेघा सपाट दिसतात. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, रेघेच्या एका कडेला सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. एकाने बॅटरी धरायची, दुसऱ्याने फोटो घ्यायचा, मग बॅटरी विरुद्ध बाजूला नेऊन पुन्हा एक. मोबाइलचा फ्लॅश बंदच ठेवा. तिवई लावायची असेल तर खात्याची आगाऊ परवानगी लागते. मुलांना पुढे न्याल तेव्हा लक्षात असू द्या की पंधरा वर्षांखालच्यांना अशा स्मारकांत प्रवेशशुल्क नाही. वयाचा पुरावा म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीची यादी जवळ ठेवा.

प्रश्न : गावातले लोक सांगतात की लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली. नाशिक नावाचंही तसंच, शूर्पणखेच्या नाकाची कथा. मुलांना 'हे खोटं आहे' म्हणावं का? पालक दुखावतात.
*– शिक्षक, इगतपुरी तालुका*

उत्तर : 'खोटं' हा शब्द वापरायची गरज नाही आणि तो नेमकाही नाही. फळ्यावर दोन स्तंभ करा. एकात 'लोक काय सांगतात', दुसऱ्यात 'दगडावर काय लिहिलं आहे'. पहिल्यात कथा पूर्ण आदराने लिहा, कोणी सांगितली तेही लिहा : आजी, पुजारी, रिक्षावाले काका. दुसऱ्यात लेखातल्या दात्यांची नावं आणि हुद्दे लिहा. मग मुलांनीच विचारायचं की एवढी लेणी खोदवून घेणाऱ्यांची नावं भिंतीवर असताना लोकांना ती का आठवली नाहीत. उत्तर त्यांनाच सुचतं. लिपी बदलली, वाचणारं कोणी उरलं नाही, आणि मोठं काम पाहिलं की माणूस मोठ्या नावाशी जोडतो. महाराष्ट्रात कितीतरी लेण्यांना पांडवांचं नाव आहे, त्याचं कारण हेच.

कथा इतिहासाचा पुरावा म्हणून न धरता, त्या काळच्या लोकांच्या मनाचा पुरावा म्हणून धरावी. लोक पंचवटीत सीतागुंफा दाखवतात तेव्हा ते रामकथा आपल्या गावाच्या नकाशावर ठेवत असतात. हे काम शतकानुशतकं चालू आहे आणि तोही एक इतिहास आहे. शिक्षकाने टिंगल केली की मूल घरी एक आणि शाळेत एक असं दोन तोंडांनी बोलायला शिकतं. आपल्याला ते नको आहे.

प्रश्न : काळाराम मंदिरात शिक्षकांचा गट न्यायचा आहे. मंदिराच्या बांधकामाची माहिती द्यायची की सत्याग्रहाची? दोन्ही एकत्र केल्यास वाद होईल अशी भीती वाटते.
*– मुख्याध्यापिका, नाशिक शहर*

उत्तर : दोन्ही द्या, एकाच भेटीत. एकाविना दुसरं अपुरं आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकरांनी आजचं मंदिर बांधलं. दगड रामशेजच्या खाणीतला काळा. शिखर, मंडप, वेगळा सभामंडप आणि भोवतीचा कोट पाहताना शिक्षकांना विचारा, एवढा दगड तिथून इथे कसा आला असेल, किती गाड्या, किती बैल, कोण पाथरवट? उत्तराची घाई करू नका.

मग दरवाजांकडे या. मंदिराच्या आवाराला चारी दिशांना दरवाजे आहेत. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, आणि सत्याग्रही या बंद दरवाजांसमोर बसले. नाशिकच्या बाजूने भाऊराव, म्हणजे दादासाहेब गायकवाड यांनी तो पुढे वर्षानुवर्षं चालवला. त्या वर्षीच्या रामनवमीच्या रथोत्सवात चकमकही झाली. प्रवेश मिळाला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. हे दोन दिवस आणि दोन गावं एका रेषेत ठेवा. येवलाही आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि तिथली मुक्तिभूमी पाहायला वेगळा दिवस काढा.

प्रत्यक्ष भेटीत असं करता येतं. गटाला आधी बाहेरून कोटाला फेरी मारायला सांगा, आत न जाता. दरवाजे मोजा, त्यांची रुंदी पावलांनी मोजा, कुठून किती माणसं एका वेळी बसू शकली असती याचा अंदाज बांधा. त्यानंतर आत जा. आतल्या स्थापत्याचं सौंदर्य त्यानंतरही तेवढंच दिसतं, पण दार हा शब्द बदललेला असतो. वादाची भीती असेल तर एक पथ्य पाळा : शिक्षकाने मत सांगण्याआधी तारीख, ठिकाण आणि त्या काळचा कागद दाखवायचा. त्या वेळच्या वर्तमानपत्रांतली कात्रणं आणि सरकारी अहवाल छापील स्वरूपात मिळतात. एकाच दिवसाचं दोन बाजूंनी केलेलं वर्णन शेजारी ठेवलं तर शिक्षक आपणच वाचतात, तुम्हाला भाषण करावं लागत नाही. भाविकांची ये-जा चालू असते. चर्चा आवाराबाहेर करा आणि गाभाऱ्याकडे छायाचित्रं घेण्यापूर्वी विचारा.

प्रश्न : आमच्या गावात किल्ला नाही, लेणं नाही, जुनं देऊळही रंगवून टाकलं आहे. मग स्थानिक इतिहास कुठून आणायचा? दरवर्षी एसटी करून नाशिकला जाणं परवडत नाही.
*– शिक्षक, पेठ तालुक्यालगतचं गाव*

उत्तर : हे पत्र आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. जिल्ह्यातल्या बहुतेक शाळा अशाच गावांत आहेत. गावात इतिहास नसतो असं होत नाही. तो कुठे पडला आहे हे माहीत नसतं.

पहिली जागा तुमच्याच कपाटात. शाळेचं जनरल रजिस्टर. शाळा जुनी असेल तर त्यात साठ, ऐंशी, कधी शंभर वर्षांच्या नोंदी आहेत : मुलाचं नाव, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय, आधीची शाळा, शाळा सोडल्याचं कारण. दर दहा वर्षांच्या पहिल्या पन्नास नोंदी घेऊन तक्ता करा. पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली? कोणत्या वर्षी 'परगावी गेले' ही कारणं अचानक वाढली? दुष्काळाची वर्षं तिथे आपोआप उठून दिसतात. एक काळजी मात्र घ्या. रजिस्टरात जात आणि कौटुंबिक माहिती असते. तक्त्यात फक्त आकडे येऊ द्या, नावं आणि जाती भिंतीवर लागता कामा नयेत. रजिस्टर मुलांच्या हातात द्यायचं नाही.

दुसरी जागा गावाबाहेरची. मारुतीच्या पारावर, ओढ्याकाठी किंवा देवळामागे शेंदूर फासलेले दगड असतात. त्यातला एखादा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मारकदगड, असू शकतो. वीरगळ खालून वर वाचतात. सगळ्यांत खाली लढाई किंवा गुरांसाठीची झटापट आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे कीर्ती चंद्र-सूर्य असेपर्यंत. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसतो. गधेगाळ असेल तर तो दानाचा करार मोडणाऱ्याला दिलेला शाप आहे. चित्र अश्लील असतं, म्हणून प्राथमिक वर्गाला तो दाखवू नका, शिक्षकांनी आपापसात समजून घ्या. शेंदूर खरवडू नका. लोक त्याची पूजा करत असतील तर आधी विचारा. बहुतेक ठिकाणी 'काढा फोटो' असंच म्हणतात, पण विचारलेलं त्यांच्या लक्षात राहतं.

प्रत्येक दगडाची नोंद एका कागदावर करा : जागा, तोंड कोणत्या दिशेला, उंची-रुंदी सेंटिमीटरमध्ये, किती चौकटी, प्रत्येकीत काय, लोक त्याला काय म्हणतात. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा. मोजपट्टी नसलेला फोटो पुढे कोणाच्या कामाचा राहत नाही.

तिसरी जागा शेतांची नावं. 'गढीचं शेत', 'पांढरी', 'बारवेचा मळा', 'जुनं गावठाण'. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची राखाडी-पांढुरकी माती. पांढरीच्या टेकाडाखाली जुनी वस्ती असू शकते. नाशिक शहरातल्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये सांकळिया आणि देव यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर मिळाले. तेही पाहणाऱ्याला टेकाडच दिसतं. तुमच्या गावच्या पांढरीवर मात्र फावडं चालवायचं नाही. फिरा, नावं टिपा, नकाशा काढा, एवढंच.

बारव असेल तर पायऱ्या मोजा, कोनाडे पाहा, शके कोरलेला असेल तर नोंदवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौष-माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर बहुधा ७९. अंजनेरीच्या एका लेखात शके १०६३ आहे, म्हणजे ११४१-४२. देवळावरचा शक बघताना नेहमी पुढचा शब्द वाचा. पुष्कळदा तिथे 'जीर्णोद्धार' असतं आणि आपण त्यालाच बांधणीचं वर्ष समजतो. ही चूक शाळांच्या भित्तिपत्रकांत वारंवार दिसते.

प्रश्न : पाचवीतल्या मुलाला शेतात एक जुनं नाणं सापडलं. तो शाळेत घेऊन आला. शाळेच्या संग्रहालयात ठेवलं तर चालेल का?
*– शिक्षिका, सिन्नर तालुका*

उत्तर : परस्पर ठेवू नका. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मुख्याध्यापकांच्या पत्राने तलाठ्यांमार्फत तहसीलदारांना लेखी कळवा : काय, किती, कुठे, कोणत्या दिवशी. पोच घ्या. मुलाला आणि त्याच्या वडिलांना नीट समजावून सांगा, कोणी त्यांना चोर ठरवत नाही. गावात अशी बातमी पसरली की दुसऱ्या दिवशी शेत खणायला माणसं येतात, म्हणून वर्गात जागेचं नाव घेऊ नका.

नाणं चिंचेने, लिंबाने, राखेने घासू नका. चकाकी येते आणि अक्षरं जातात, मग तज्ज्ञालाही काही सांगता येत नाही. कोरड्या कागदाच्या पाकिटात ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टीसह घ्या. अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथलं नाण्यांचं संग्रहालय शिक्षकांनी एकदा पाहावं. जोगलटेंभी तुमच्याच तालुक्यात आहे, तेव्हा मुलांना त्या साठ्याची गोष्ट सांगायला यापेक्षा चांगला दिवस मिळणार नाही.

प्रश्न : गावातल्या वयस्कर माणसांच्या मुलाखती घेतो, पण तारखा कधीच नीट मिळत नाहीत. 'लई वर्षं झाली' एवढंच.
*– शिक्षक, नाशिक तालुका*

उत्तर : तारीख विचारू नका, घटना विचारा. 'त्या वेळी मोठा पूर आला होता का, की नंतर?' नाशिकच्या काठच्या माणसाला १९६९ चा महापूर आठवतो, त्याच्या मुलाला २००८ चा. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, नारोशंकराच्या घंटेला लागलं का, या खुणा लोक वर्षापेक्षा पक्क्या सांगतात. दुसरा खुंटा १९७२ चा दुष्काळ : सुकडी, रोजगार हमीची खडी फोडणं. तिसरा त्यांचं स्वतःचं लग्न, चौथा थोरल्या मुलाचा जन्म. या चार खुंट्यांना दोरी बांधली की बाकीच्या घटना आपोआप रांगेत लागतात.

दोन मुलांनी मिळून जावं, एकाने विचारावं, एकाने लिहावं. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नये, आजोबा थकतात. 'तुमच्या काळी सगळं चांगलं होतं ना?' असे प्रश्न वगळा, त्यांचं उत्तर प्रश्नातच असतं. त्याऐवजी वस्तू विचारा : पाणी कुठून आणत, दिवा कशाचा, पहिली एसटी गावात आली तेव्हा थांबा कुठे होता. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा आणि शाळेत लावायला परवानगी आहे का ते विचारा.

प्रश्न : मी गणित शिकवतो. केंद्राच्या पांडवलेणी सहलीत मला सक्तीने नाव घालायला लावलं. मला तिथे काय मिळणार?
*– शिक्षक, निफाड तालुका*

उत्तर : लेणं १० मधला बेचाळिसाव्या वर्षाचा लेख तुमच्यासाठीच आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापणं (त्या काळची नाणी) लेण्यातल्या भिक्षूंसाठी गोवर्धनच्या श्रेणींमध्ये, म्हणजे कारागिरांच्या संघांमध्ये, ठेवली. दोन हजार एका विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा.

वर्गात आकडे द्या आणि जुळवायला सांगा. दोन हजारांचं महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. बरोबर. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला नव्वद. 'पाऊण' हा शब्द लेखात 'पायून' असा आहे, तोही दाखवा. दोन श्रेणींचे दर वेगळे का असावेत, यावर मुलांना अंदाज करू द्या. एकच उत्तर नाही.

दुसऱ्या एका दानात सत्तर हजार कार्षापणं म्हणजे दोन हजार सुवर्ण असा हिशेब आहे. एका सुवर्णाची किती कार्षापणं, मुलं काढतील : पस्तीस. लेखातही तेच लिहिलं आहे. आणि संख्या कशा कोरल्या आहेत ते भिंतीवर शोधा. पुळुमावीच्या लेखात एकोणीस म्हणजे दहाचं एक चिन्ह आणि त्यापुढे नवाचं. शून्य नाही, स्थानिक किंमत नाही. सातवीच्या मुलांना त्या पद्धतीने ४२ आणि १९ यांची बेरीज करायला द्या. पाच मिनिटांत स्थानिक किंमतीचा उपयोग काय, हे तेच तुम्हाला सांगतील.